दोन वर्षांच्या मुलीला अंगणात रंगांत मनसोक्त माखू द्यायचे आहे. कोणते रंग द्यावेत आणि पसारा कसा आवरावा?

प्रश्न : पहिलटकरीण (पुणे)

नमस्कार. माझी मुलगी बावीस महिन्यांची आहे. घरात तिच्या हाती खडू किंवा पेन लागले की भिंत, फ्रिजचे दार आणि आजोबांचे पासबुक यांपैकी काहीच सुटत नाही, म्हणून तिला घराबाहेर मोकळ्यावर हवे तितके माखू द्यावे असे मनात आले. आम्ही तळमजल्यावर राहतो. मागच्या दारी साधारण दहा फूट लांब आणि सहा फूट रुंद अशी शहाबादी फरशीची जागा आमच्या वापरात आहे; तिच्या पलीकडे मात्र लगेच सोसायटीचे सामाईक पार्किंग सुरू होते.

पहिला प्रयत्न सपशेल फसला, तो आधी सांगते. पोस्टर कलरच्या सहा बाटल्या, बारीक ब्रश आणि ड्रॉइंगचे कागद आणून मी सगळे नीट मांडले आणि तिला समोर बसवले. तिने आधी ब्रशचे केस चोखले, मग निळी बाटली उपडी केली आणि मी फडके आणायला वळले तेवढ्यात त्या निळ्यातूनच अनवाणी पार्किंगमध्ये धावत गेली. पेव्हर ब्लॉकवर उठलेली पावले बहुतेक निघाली, पण सांध्यांत शिरलेला रंग अजून तसाच आहे, आणि त्याच संध्याकाळी समितीकडून एक निरोप आला, जो अतिशय नम्र भाषेत होता म्हणूनच जास्त लागला. मांडामांडीला अर्धा तास, आवराआवरीला एक तास आणि प्रत्यक्ष रंगकाम जेमतेम पाच मिनिटे, असा तो हिशेब होता.

आता माझ्या शंका. तोंडात गेले तरी चिंता नको असे रंग कोणते? दही किंवा तांदळाचे पीठ वापरून रंग करावेत असे ठिकठिकाणी वाचले, परंतु अन्नाशी असे खेळू नये असे सासूबाईंचे मत आहे आणि खरे सांगायचे तर ते मलाही पटते. घराच्या रंगकामातला उरलेला ऑइल पेंट आणि गेल्या होळीच्या रंगांच्या पुड्या माळ्यावर आहेत, त्यांचा काही उपयोग होईल का? आणि पाच मिनिटांचे निदान वीस मिनिटे व्हावेत यासाठी काय करावे?

उत्तर : खराटा (सातारा)

ताई, मला जुळे मुलगे आहेत, आता चार वर्षांचे. त्यामुळे तुमचा अनुभव मी दुपटीने घेतलेला आहे. माझा सल्ला असा की पहिला महिनाभर रंग आणूच नका. हार्डवेअरच्या दुकानातून भिंत रंगवायचा तीन किंवा चार इंची ब्रश आणा, एका रुंद, बसक्या डब्यात दोन बोटे साधे पाणी घ्या आणि मुलीला सांगा की आज फरशी रंगवायची आहे. तुमच्याकडे शहाबादी आहे हे तर भाग्यच समजा. कोरडी असताना ती राखी दिसते आणि ओला ब्रश फिरला की तिथल्या तिथे काळपट होते, म्हणजे दोन वर्षांच्या मुलाच्या दृष्टीने तो पक्का रंगच झाला. ऊन असेल तर पहिला फटकारा शेवटच्या फटकाऱ्याच्या आधी वाळून नाहीसा होतो आणि काम पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. तुमचे वीस मिनिटांचे गणित इथेच सुटते. आमच्या घरी एकाने पायरी रंगवायची, ती वाळते आहे हे पाहून दुसऱ्याने ओरडून सांगायचे, आणि मग दोघांनी मिळून तीच पायरी पुन्हा रंगवायची, असे पाऊण तास चालत असे.

बारीक ब्रश आणि कागद या दोन्ही गोष्टी या वयाला लहान पडतात. या मुलांचा हात खांद्यापासून फिरतो, बोटांतून नाही. खराट्याच्या चार काड्या बांधून केलेली छोटी जुडी, नारळाच्या सोडणाचा तुकडा, भांडी घासायचा स्पंज, फवाऱ्याची रिकामी बाटली, हे सगळे चालते. फवाऱ्याची बाटली फिनेलची किंवा काच पुसायच्या द्रावणाची जुनी नको, नवी किंवा फक्त पाण्यासाठी वापरलेली घ्या.

पाण्याबद्दल एक गोष्ट मात्र कठोरपणे सांगतो. भरलेली बादली तिच्या जवळ ठेवू नका आणि फोन घ्यायलासुद्धा तिला पाण्यापाशी एकटी सोडून आत जाऊ नका. या वयाच्या मुलांचे डोके शरीराच्या मानाने जड असते. बादलीत वाकून तोल गेला तर त्यांना स्वतःहून वर येता येत नाही, आणि त्यासाठी काही इंच पाणीही पुरेसे असते. शिवाय आवाज होत नाही. म्हणून डबा बसका, पाणी दोन बोटे, आणि खेळ संपला की ते पाणी लगेच कुंडीत.

उत्तर : जुनी पाटी (डहाणू)

मी तीस वर्षे बालवाडीत शिकवले आणि आता निवृत्त आहे. वरच्या उत्तरातील खांद्यापासून फिरणाऱ्या हाताचा मुद्दा अगदी बरोबर आहे. दीड वर्षाचे मूल ब्रश मुठीत धरते, दोन-अडीचच्या सुमारास तळहात खाली करून बोटांनी धरू लागते आणि आपल्यासारखी तीन बोटांची पकड यायला आणखी बराच अवकाश असतो. तिला पकड शिकवायला जाऊ नका. दांडा जाड असू द्या, म्हणजे झाले. दांडा बारीकच असेल तर त्याच्याभोवती जुन्या सुती साडीची चिंधी गुंडाळून दोरा बांधा.

आमच्या भागात हा विचार नवीन नाही. ताराबाई मोडक यांनी 1945 साली बोर्डी येथे ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केले, पुढे 1957 साली ते कोसबाडच्या टेकडीवर गेले आणि अनुताई वाघ यांनी ते काम पुढे नेले. पाट्या-पुस्तकांची वाट न पाहता मुलांच्या अंगणातच बालवाडी भरवायची आणि माँटेसरीची महागडी साधने परवडत नाहीत म्हणून आसपासचे दगड, शिंपले, पाने, बिया हीच साधने करायची, ही त्यांची रीत होती. त्या रीतीत वाढलेल्या शिक्षिकेला रंगाच्या सहा बाटल्या पाहून थोडे हसू येते. राग मानू नये. सहा रंग एकदम दिले की दोन वर्षांचे मूल पाच मिनिटांत त्यांचा एकच मातकट रंग करते आणि मग त्याला पुढे करण्यासारखे काही उरत नाही. एका वेळी एकच रंग द्या. तो पुरेसा माखून झाला की दुसरा. पिवळ्यात निळा मिसळून हिरवा झाला हे तिचे तिला दिसू द्या, तुम्ही आधी सांगू नका.

अन्नाबद्दल सासूबाईंचे म्हणणे मला मान्य आहे. आमच्या बालवाडीत अशी मुले येत की ज्यांच्या घरी दुपारी भात असेलच याची खात्री नसे. तिथे पिठात हात बुडवून खेळणे मला कधीच जमले नाही. वारली चित्रे तांदळाच्या पिठाचीच असतात हे खरे, पण ते पीठ लग्नाचा चौक, म्हणजे लग्नघराच्या भिंतीवरचे चित्र, लिहिण्यासाठी मान राखून घेतलेले असते, सांडण्यासाठी नाही. मी काय करीत असे ते सांगते. भेंडीचे जून देठ आणि जून भेंड्या, ज्या भाजीत जातच नाहीत, त्या आडव्या कापल्या की पाच पाकळ्यांचे फूल उमटते. बिटाची साले पाण्यात उकळली की गुलाबी पाणी मिळते. केळीचा घड उतरवल्यावर उरलेल्या खोडाची चकती कापली तर जाळीदार ठसा येतो. मात्र केळीचा चीक कपड्याला लागला तर डाग जात नाही, तेव्हा ती चकती आदल्या दिवशी कापून पाण्यात टाकून ठेवावी आणि तरीही जुनाच कपडा घालावा. फाल्गुनात पळस फुलतो तेव्हा खाली पडलेली फुले गोळा करून रात्रभर पाण्यात भिजत घातली की सकाळी केशरी-पिवळे पाणी तयार असते. रंगपंचमीचा जुना रंग हाच.

आणखी एक. तिने काही रेघोट्या ओढल्या की “हे काय काढलंस?” असे विचारू नका. तिने काही काढलेलेच नसते, तिने हात फिरवलेला असतो. विचारलेत तर ती एक-दोन वेळा गोंधळून तुमच्याकडे पाहील आणि मग तुम्हाला आवडते असे काहीतरी नाव सांगायला शिकेल.

उत्तर : मोजपट्टी (ठाणे)

मी रंगांच्या प्रयोगशाळेत काम करतो, त्यामुळे तुमच्या माळ्यावरच्या मालाबद्दल स्पष्ट लिहितो. ऑइल पेंट मुलीच्या आसपासही नको. घरगुती रंगांतील शिशाचे प्रमाण दशलक्षात 90 भागांपेक्षा जास्त असू नये हा नियम आपल्याकडे 2017 च्या नोव्हेंबरपासून लागू झाला, म्हणजे डबा त्याआधीचा असेल तर त्यात किती शिसे आहे हे पाहून कळणार नाही. आणि डबा नवा असला तरी त्यातले द्रावक, तो काढायला लागणारे टर्पेंटाइन आणि त्यांची वाफ हे सगळे लहान मुलासाठी वाईटच. होळीच्या सुट्या पुड्यांचेही तसेच. त्यात काय घातले आहे हे पुडीवर लिहिलेले नसते. रांगोळी निरुपद्रवी वाटते, पण ती दगडाची भुकटी आहे. रेखताना मोठ्यांचे नाक वर असते, दोन वर्षांच्या मुलीचे नाक मात्र भुकटीत असते. कोरडी पूड कोणतीही असो, गुलाल, रांगोळी किंवा नुसते कॉर्नफ्लोअर, ती या वयाच्या मुलांना उडवायला देऊ नये.

विकतचे घ्यायचे असेल तर “फिंगर पेंट” म्हणून विकले जाणारे घ्या. ते खेळण्यांच्या नियमांत येतात; भारतात 2021 च्या जानेवारीपासून खेळण्यांना आयएसआय चिन्ह बंधनकारक आहे, आणि आयएस 9873 या खेळण्यांच्या मानकाचा सातवा भाग फिंगर पेंटसाठीच आहे. युरोपातील मानकाप्रमाणे या रंगांत मुद्दाम कडू द्रव्य घालावे लागते, म्हणजे मूल पहिल्या चाटण्यातच तोंड वाकडे करते. नुसते “नॉन-टॉक्सिक” लिहिलेले पाहून समाधान मानू नका. पोस्टर कलर शाळेतल्या मुलांसाठी ठीक आहेत, ब्रश चोखणाऱ्यांसाठी नाहीत.

घरी करायचा तर सर्वांत सोपा म्हणजे खळीचा रंग. अर्धी वाटी कॉर्नफ्लोअर आधी थोड्या गार पाण्यात गुठळ्या न राहू देता कालवा, मग एकूण दोन वाट्या पाणी होईल असे करून मंद आचेवर ढवळत राहा. काही वेळ काहीच होत नाही आणि मग एकाएकी चमचा जड होतो; पांढरे पाणी किंचित पारदर्शक झाले की उतरवा. पूर्ण गार झाल्यावर वेगवेगळ्या वाट्यांत काढून रंग घाला. हे अन्नच आहे हे मान्य, पण अर्ध्या वाटीत तीन-चार वेळा खेळून होते, आणि जुन्या काळी कपड्यांना खळ घालीत त्यापेक्षा यात जास्त काही जात नाही. सासूबाईंना कदाचित याच शब्दात पटेल. फ्रिजमध्ये तीन दिवस टिकते, वास बदलला की फेकून द्या.

रंग देण्यासाठी हळद उत्तम, पण सुटी नको, पाकिटातली खात्रीची घ्या, कारण सुट्या हळदीत चमक यावी म्हणून शिसे असलेला पिवळा मिसळल्याची प्रकरणे घडलेली आहेत. हळद नुसत्या पाण्यात विरघळत नाही, गाळ तळाशी बसतो. खळीत मात्र ती छान पसरते. तिच्यात चिमूटभर खायचा सोडा घातला की पिवळ्याचा तांबूस होतो. आपल्याकडे हळदीचे कुंकू करताना चुन्याने हेच घडते, परंतु म्हणून पानाचा चुना हाताशी घेऊ नका. चुना डोळ्यात गेला तर बुबुळ भाजते आणि नजर कायमची जाऊ शकते. चुन्याची पुडी किंवा नळी मुलांच्या हाताला लागेल अशी घरात कुठेही नसावी. गोकर्णाची निळी फुले कोमट पाण्यात टाका, निळे पाणी मिळेल, आणि त्यात लिंबाचे चार थेंब पिळले की ते जांभळे होते. लिंबू पिळायचे काम तुमचे, नाहीतर डोळे चोळले जातील. बिटाचा रंग उन्हात लवकर उडतो, त्याच दिवशी वापरा. आणि बिटाचे पाणी पोटात गेले असेल तर दुसऱ्या दिवशी लंगोट गुलाबी दिसल्यास घाबरून डॉक्टरकडे धावू नका. आम्ही धावलो होतो.

उत्तर : पोफळ (गुहागर)

वरील सर्व वाचले. माझी भर फक्त डागांपुरती. आमच्या अंगणात जांभा आहे आणि जांभा रंग पितो; नातवाने ओतलेला हिरवा पहिल्या पावसापर्यंत तसाच होता. तुमची शहाबादी बरी, पण तिचेही सांधे आधी ओले करून घ्या, म्हणजे रंग आत शिरत नाही. पार्किंगच्या बाजूला ताडपत्रीची कड विटांवर चढवून चार बोटांचा बांध करा. ओघळ तिथेच अडतो आणि मुलगीही जरा थबकते. खळ आणि ओली ताडपत्री मिळून भयंकर घसरते, त्यामुळे वर जुनी सुती चादर अंथरावी. मुलीच्या हातापायांना आधी खोबरेल तेल चोळा, जसे आपण रंगपंचमीला चोळत असू. रंग पाण्याबरोबर उतरतो. कपड्यावर हळदीचा डाग पडला तर साबण लावल्यावर तो लाल होतो, तेव्हा दचकू नये. नेहमीसारखे धुवून कडक उन्हात वाळत घाला, दोन उन्हांत हळद उडते.

ताटली म्हणून आमच्याकडे पोफळीची विरी, म्हणजे सुपारीच्या झावळीच्या बुडाचे रुंद, वाळलेले आवरण, घेतात. उथळ असते, मोडली तर टाकून देता येते आणि तिच्यात रंग दिसतोही छान. आणि गेरू कसा वाटतो? तुळशीवृंदावनाला लावतो तो. आम्ही तर त्यातच वाढलो.

उत्तर : मोजपट्टी (ठाणे)

पोफळकाका, गेरू म्हणजे लोहाची माती. ती स्वतः फारशी वाईट नाही. पण दुकानात मिळणाऱ्या पुडीत आणखी काय मिसळले आहे ते कळत नाही, आणि गेरूचा डाग हळदीसारखा उन्हात उडत नाही. तीन-चार वर्षांच्या, तोंडात हात घालणे सुटलेल्या मुलाला भिजवलेला गेरू देऊन कुंड्या रंगवून घ्याव्यात. बावीस महिन्यांना नको.

उत्तर : बर्फातली अबोली (कॅलगरी)

इथे वर्षातले पाच-सहा महिने अंगण पांढरेच असते. आम्ही फवाऱ्याच्या बाटल्यांत पाणी आणि थोडा खाण्याचा रंग घालून मुलाला बर्फावर सोडतो. ओले हातमोजे लगेच बदलावे लागतात, एवढीच अडचण. आवरायचे काही नसते. पुण्यात हे शक्य नाही हे मला कळते, परंतु उन्हाळ्यात रंगीत पाणी बर्फाच्या साच्यात गोठवून ते खडे मोठ्या थाळीत फिरवायला देता येतील; मात्र खडा तोंडात मावणार नाही इतका मोठा हवा, म्हणून वाटीतच गोठवा.

प्रतिसाद : पहिलटकरीण (पुणे)

सर्वांचे मनापासून आभार. माळ्यावरचा ऑइल पेंट आणि पुड्या दोन्ही खाली काढून घराबाहेर काढायची व्यवस्था केली. पहिले आठ दिवस फक्त पाणी आणि चार इंची ब्रश दिला. सकाळी साडेआठला मागच्या दारी थोडेसेच ऊन येते, त्या उन्हाच्या पट्ट्यातच ती काम करते, कारण तिथे फरशी लवकर वाळते हे तिने स्वतः शोधून काढले. परवा पस्तीस मिनिटे झाली. मी घड्याळ पाहत होते.

काल पहिल्यांदा खळीचा पिवळा दिला. “कपड्याला घालायची खळच आहे ती” हे वाक्य मी जसेच्या तसे सासूबाईंना ऐकवले. त्या काही बोलल्या नाहीत, परंतु पातेल्यात गुठळ्या राहिल्या आहेत असे सांगून त्यांनी चमचा माझ्या हातून घेतला. चादर, विटांचा बांध, खोबरेल तेल, सगळे केले. मुलीने दहा मिनिटे दोन्ही तळव्यांनी चादर माखली, मग जून भेंडीचा ठसा उमटवून पाहिला आणि तो न आवडल्याने भेंडी बांधापलीकडे फेकली. सोड्याचे पाणी मी चमच्याने तिच्या पिवळ्यावर टाकले तेव्हा ती एकदम थांबली. तांबूस झालेल्या जागेवर तिने एक बोट ठेवले, बोट उचलून पाहिले, पुन्हा ठेवले आणि चमचा मागितला. पुढची चादर तिने जवळजवळ सगळी तांबडी केली.

एकच गोष्ट विचारायची राहिली. तिने आज सकाळी बाहेरची भिंत पाण्याने रंगवायला घेतली आहे आणि ती भिंत सामाईक आहे. पाणी वाळून जाते, डाग राहत नाही, तरीही समितीला आधी कळवून ठेवावे का?

उत्तर : खराटा (सातारा)

कळवू नका, ताई. एक जादा ब्रश बाहेर ठेवा. आमच्या सोसायटीत सचिवांची नात तिसऱ्या दिवशी येऊन बसली होती.